बंदी वाढवायची, पर्ससीन रोखायचं की जाळ्याची आस बदलायची? ठराव लिहिण्याआधी

सप्टेंबर आला की मच्छीमार सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा लागतात आणि सरकारकडे पाठवायच्या ठरावांची यादी लांबत जाते. डिझेल परतावा, जेट्टी, बर्फ कारखाना, परराज्यातल्या बोटी, सगळं एकाच कागदावर. मासळी टिकावी आणि धंदाही टिकावा यासाठी एकच मागणी जोर लावून करायची असेल, तर समोर तीन वाटा आहेत: पावसाळी बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवणं, पर्ससीन (थवा वेढून खालून आवळायचं मोठं जाळं) आणि एलईडी (रात्री प्रखर दिव्यांनी मासा ओढायची) मासेमारीवर कडक कारवाई, किंवा जाळ्याची आस, म्हणजे भोकाचा आकार, आणि माशाचा किमान आकार पाळणं. माझा कल तिसरीकडे आहे. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, गावाला मात्र मी वेगळं सांगेन.

आधी बंदी. आपल्याकडे महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी किनाऱ्याला असतात. गुजरातने अलीकडे ही मुदत १५ ऑगस्टपर्यंत नेली. मागणीत तथ्य आहे. नारळी पौर्णिमेआधी होडी लोटायची नाही ही आपलीच रीत, आणि ती पौर्णिमा २०२३ साली तर ३० ऑगस्टला आली होती. ऑगस्टच्या सुरुवातीला दर्या खवळलेला असतो, बोटी अर्ध्यावरून परततात आणि डिझेल जळतं ते जळतंच. तपासणीही सोपी: बोट बंदरात आहे की नाही, एवढंच बघायचं. पण वाढीव पंधरवड्यात खलाशाच्या घरी चूल कशावर पेटणार? बंदीच्या काळातल्या बचत आणि मदत योजनेत मच्छीमाराचे १,५०० आणि सरकारचे ३,००० मिळून तीन महिन्यांचे ४,५०० रुपये होतात. त्यावर घर चालत नाही. भरपाईचं कलम नसलेला बंदीवाढीचा ठराव मी तरी हात वर करून मंजूर करणार नाही.

शिवाय बंदी एकटी पुरत नाही, हे केरळने दाखवून दिलंय. तिथे १९८८ पासून पावसाळ्यात ट्रॉलवर, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्यावर, बंदी आहे. तरीही २०१५ मध्ये त्यांना किमान आकाराचा नियम आणावाच लागला; आधी १४ जातींसाठी, नंतर एकूण ५८. त्यानंतर किळिमीन, म्हणजे आपला राणी मासा, पुन्हा चांगला मिळू लागल्याचं कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदवलं. दोन महिने वाढू दिलेलं पिल्लू तिसऱ्या महिन्यात जाळ्यात आलं, तर बंदी पाळून कमावलं काय?

महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींचा किमान आकार ठरवला. सरंगा म्हणजे पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. ट्रॉलच्या जाळ्यात मासा साठतो त्या शेपटाकडच्या भागाला ४० मिलिमीटरची चौकोनी आस हवी, असाही नियम आहे. चौकोनीच का? हिऱ्याच्या आकाराची आस ओढताना ताणून मिटते, चौकोनी उघडी राहते आणि पिल्लू निसटतं. नफ्याचा हिशेब इथेच आहे. मोठ्या पापलेटचा किलोचा दर लहानाच्या कितीतरी पट असतो. तळहाताएवढी पिल्लं टोपलीभर विकणं म्हणजे पुढच्या हंगामाचा माल आजच मातीमोल करणं. उरलेला बारीक माल मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात जातो, तिथे जात कोणती हेही कोणी विचारत नाही.

डोलकरांची, म्हणजे प्रवाहात पिशवीसारखं जाळं रोवून मासा धरणाऱ्यांची, हरकत मात्र खरी आहे. बोंबील, जवळा यांच्या जाळ्याला बारीक आस लागतेच. जवळा पूर्ण वाढला तरी जवळाच. डोलीला ट्रॉलचा नियम लावला तर निम्मं गाव बसेल. त्यांच्यासाठी आसेपेक्षा पापलेटची पिल्लं किनाऱ्याला येतात त्या दिवसांत ठरावीक ठिकाणी डोल न लावण्याचा करार बरा. तो गावाने ठरवावा आणि सरकारने त्याला पैशाचं पाठबळ द्यावं.

आता पर्ससीन. इथे कायदा कमी नाही. राज्याच्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच काळ ठेवला. एलईडी दिव्यांवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. राज्याच्या मासेमारी कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर एलईडीचा दंड ५ ते २० लाखांपर्यंत जातो, आणि जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनही फिरताहेत. उणीव आहे ती रात्री पाठलाग करून बोट धरण्याची. सिंधुदुर्गातल्या रापणकराचा बांगडा किनाऱ्याला लागण्याआधीच बाहेर वेढला जातो. त्याने आस कितीही मोठी केली तरी हाती काय येणार? म्हणून तिथल्या संस्थेने हीच मागणी पहिली ठेवावी, आणि ती नव्या कायद्याची नको, गस्ती नौकांची ठेवावी. राज्याचा ताबा १२ सागरी मैलांपर्यंतच असल्याने ठरावाची एक प्रत केंद्राकडेही जायला हवी.

ट्रॉल किंवा मोठ्या आसेच्या जाळ्यांचं गाव असेल, तर किमान आकाराचा ठराव वर घ्या. त्यात तीन गोष्टी हव्यात: नव्या जाळ्याच्या खर्चाला अनुदान, लिलावाच्या जागी जातीनिहाय आकाराचा फलक आणि मोजपट्टी, आणि कारवाई बोटीइतकीच खरेदीदारावरही. बारीक मालाला गिऱ्हाईक असेल तोवर तो येतच राहणार.