लर्चरसाठीचे ल्यूर यंत्र: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

घरी दोन लर्चर आहेत, म्हणजे ग्रेहाउंडसारख्या वेगवान शिकारी कुत्र्याचा कॉली किंवा टेरियरसारख्या दुसऱ्या जातीशी केलेला संकर. थोरलीत तीन हिस्से ग्रेहाउंड आणि एक हिस्सा बॉर्डर कॉली आहे, म्हणजे तिची आई ग्रेहाउंड आणि कॉलीच्या पहिल्या संकरातली व बाप शुद्ध ग्रेहाउंड. धाकटा व्हिपेट (ग्रेहाउंडसारखीच, पण लहान चणीची जात) आणि बेडलिंग्टन टेरियर यांच्या पहिल्या संकरातला. दोघांनाही पूर्ण वेगाने आणि तरीही माझ्या नजरेच्या टप्प्यात धावता यावे, म्हणून वर्षभरापूर्वी मी बॅटरीवर चालणारे ल्यूर, म्हणजे आमिष पळवणारे, यंत्र घेतले. जमिनीत ठोकलेल्या कप्प्यांमधून दोरी फिरवायची, तिला पांढरी प्लॅस्टिकची पिशवी बांधायची आणि मोटरने दोरी ओढून ती पिशवी कुत्र्यापुढे पळवायची, एवढेच त्याचे काम. मात्र हे काम नीट झाले नाही तर कुत्र्याचा पाय जायबंदी होऊ शकतो, म्हणून या यंत्राविषयी जरा सविस्तर लिहावेसे वाटले.

कृत्रिम आमिषामागे कुत्री सोडण्याची कल्पना जुनी आहे. १८७६ मध्ये लंडनजवळच्या हेंडन येथे नकली सशामागे ग्रेहाउंड पळवून पाहिले गेले, पण मार्ग सरळ होता. वळण नसले की सर्वांत वेगवान कुत्रा पुढे जातो आणि बाकीच्या गुणांना वावच उरत नाही, त्यामुळे तो प्रयोग मूळ धरू शकला नाही. पुढे १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी गोल धावपट्टीवर यांत्रिक ससा फिरवला. मैदानात कप्प्या रोवून नागमोडी मार्गाने पिशवी पळवण्याची पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रुजली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या शिकारविषयक कायद्याने रानसशामागे कुत्री सोडण्याच्या स्पर्धा बंद झाल्या, तेव्हापासून लर्चर बाळगणाऱ्या अनेकांना या पिशवीचे महत्त्व अधिक पटले आहे. माझ्या मते ती सशाची दुय्यम नक्कल नाही. कोणत्याही जिवाला इजा न करता कुत्र्याची धाव, वळण आणि जिद्द पाहण्याचे ते चांगले साधन आहे.

यंत्राची रचना साधी आहे. मोटर आणि दोरी ओढणारे चाक एका पेटीत आहे, सोबत सहा कप्प्या, खुंट्या, दोरीचे मोठे रीळ आणि हातात मावणारा रिमोट येतो. दोरी दोन प्रकारे लावता येते. एकेरी लावली तर ती रिळावर गुंडाळली जाते आणि धाव एकदाच होते. टोके जोडून वेटोळे केले तर पिशवी हवी तितकी फिरवता येते. ग्रेहाउंड ताशी सुमारे ७० किलोमीटरपर्यंत पोहोचतो, पण तो वेग काही क्षणांपुरताच असतो आणि वळणावर तो बराच उतरतो. यंत्राचा कमाल वेग थोरलीला सरळ मार्गावर जेमतेम पुरतो, आणि तेवढा बस आहे. त्याहून महत्त्वाचे हे की रिमोटची कळ हळूहळू दाबली की वेगही हळूहळू चढतो, धक्का बसत नाही. पिशवी कुत्र्याच्या पंधरा ते वीस मीटर पुढे राखणे हे चालवणाऱ्याचे कसब आहे. फार पुढे गेली तर कुत्र्याचे मन उडते, फार जवळ आली तर तो वळणावर झडप घालतो आणि कोलमडतो. हा हात बसायला मला चार-पाच दिवस लागले.

या यंत्राचा खरा गुण मात्र थांबण्यात आहे. पूर्वी मी उसने आणलेले एक यंत्र वापरत होतो. त्याची कळ सोडल्यावरही चाक दोनएक सेकंद फिरत राहत असे. एका सकाळी धाकट्याने वळण चुकवून दोरी ओलांडली, मी कळ सोडली, पण दोरी त्याच्या मागच्या पायाच्या आतल्या बाजूने सरकतच राहिली. तो ओरडलाही नाही, धावतच राहिला. जवळ आल्यावर टाचेच्या वर बोटभर लांबीची पांढुरकी रेघ दिसली आणि पाहता पाहता ती रक्ताने भरली. या कुत्र्यांची कातडी पातळ, खाली चरबीचे आवरण नसल्यात जमा, त्यामुळे पळती दोरी तिथे सुरीसारखी उतरते. जखम भरायला तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस माझ्या जिवाला घोर लागून राहिला. नव्या यंत्रात कळ सोडताच मोटर चाकाला रोखून धरते. मी ते मोकळ्या दोरीवर पुन्हा पुन्हा तपासले, पिशवी हातभरही पुढे सरकत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे यंत्र पुन्हा घेईन. तरीही दोरी चालू असताना नजर पिशवीवर न ठेवता कुत्र्याच्या पायांवर ठेवावी लागते, हे नव्याने घेणाऱ्याने मनाशी पक्के करावे.

दुसरी जमेची बाजू म्हणजे दिशा उलटवण्याची सोय. गोल धावपट्टीवर कायम डावीकडे वळणाऱ्या ग्रेहाउंडांमध्ये उजव्या मागच्या पायाच्या घोट्यातील लहान हाडे मोडण्याचे प्रमाण जास्त असते, कारण प्रत्येक वळणाचा ताण त्याच बाजूला पडतो. घरच्या मैदानातही एकाच दिशेने वेटोळे फिरवत राहिलो तर आपण नकळत तेच करत असतो. मी एक धाव डावी, पुढची उजवी असा नियम ठेवला आहे.

आता ज्यासाठी संकराची पैदास करणाऱ्यांनी हे यंत्र पाहावे, त्या गोष्टीकडे वळतो. धाकटा पिशवीवरून नजर हलवत नाही. ती जिथून वळेल तिथून वळायचे, आणि ती झाडीआड गेली तर थबकून मान उंच करून शोधायचे, ही त्याची पद्धत. थोरलीने पहिल्या दोन धावा अशाच केल्या. तिसऱ्या धावेत दुसऱ्या कप्पीपाशी तिने मान वळवून चौथ्या कप्पीकडे पाहिले, मार्ग सोडला, मैदान आडवे कापले आणि पिशवी जिथे येणार होती तिथे जाऊन पोट जमिनीला टेकवून बसली. वेगाने तो दिवस गमावला, पण तिच्यातला एक हिस्सा कॉली त्या क्षणी स्वच्छ दिसला. मेंढ्यांना वळवणाऱ्या कुत्र्याची अक्कल अशीच चालते. कॉलीचे रक्त लर्चरमध्ये आणतात ते शिकण्याची तयारी, दम आणि थंडी-पावसाला टिकणारे अंग यासाठी, आणि त्याची किंमत थोड्या वेगाने मोजावी लागते. ते रक्त किती उतरले आहे हे वंशावळीच्या कागदावर हिश्शांत लिहिलेले असते, पण एकाच वेतातली पिल्ले सारखी निघत नाहीत. मैदान त्यांना वेगळे करून दाखवते. तिचे हे शहाणपण जागे झाल्यापासून मी प्रत्येक वेळी कप्प्यांची मांडणी बदलतो आणि तिला दोनपेक्षा जास्त धावा देत नाही.

शरीराची घडणही इथे कळते. साइटहाउंड, म्हणजे नजरेने शिकार हेरून तिचा पाठलाग करणारे ग्रेहाउंडसारखे कुत्रे, पूर्ण वेगात असताना प्रत्येक झेपेत दोनदा चारही पाय हवेत असतात, एकदा अंग आखडलेले असताना आणि एकदा पूर्ण ताणलेले असताना. फोनवर मंदगतीने चित्रण करून पाहिले की पाठीची कमान किती खुलते, वळणाच्या आधी अग्रपाय, म्हणजे पुढच्या दोन पायांपैकी जो अधिक पुढे पडतो तो, बदलला जातो की नाही, शेपटी कशी तोल सावरते हे सारे दिसते. जो कुत्रा वळणावर अग्रपाय बदलत नाही त्याच्या खांद्यात किंवा मनगटात काही दुखते का हे आधी पाहावे, आणि त्याला प्रजननासाठी निवडताना हात आखडता घ्यावा. नाक किती चालते, हाक ऐकून शिकार सोडतो का, हे मात्र पिशवी सांगू शकत नाही.

सोबतच्या पुस्तिकेत सहा महिन्यांपासूनची पिल्ले धावायला चालतील असे छापले आहे, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. मोठ्या अंगाच्या लर्चरमध्ये लांब हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण व्हायला वर्ष-दीड वर्ष जाते. तोवर पूर्ण वेगातले तीव्र वळण देणे म्हणजे कोवळ्या हाडांशी खेळ आहे. पिल्लाला काठीच्या टोकाला बांधलेले फडके हळू फिरवून दाखवावे आणि त्याच काळात हाक मारताच परत येण्याची सवय लावावी. धाव संपली की मी पिशवी थांबवतो, कुत्र्याला ती पकडू देतो, थोडी झोंबाझोंबी करू देतो आणि मग खाऊ देऊन ती सोडवून घेतो. हाती काहीच न लागता धाव संपत राहिली तर काही कुत्र्यांचा पिशवीवरचा विश्वास उडतो.

यंत्राचे दोष कप्प्यांमध्ये आहेत. त्या कठीण प्लॅस्टिकच्या असून चाक आणि कडा यांच्यात फट आहे, दोरी सैल पडताच ती त्या फटीत उतरून अडकते. पहिल्या दोन महिन्यांत असे अकरा वेळा झाल्याची माझ्या वहीत नोंद आहे. खुंट्या आखूड आहेत, पावसाने मऊ झालेल्या जमिनीत वळणाच्या ताणाने त्या तिरक्या होतात. विक्रेत्याला दोनदा लिहिले, तेव्हा त्याच प्रकारच्या नव्या कप्प्या आल्या. शेवटी मी धातूच्या, बंद कडांच्या कप्प्या आणि दीडपट लांबीच्या खुंट्या वेगळ्या आणल्या, त्यानंतर दोरी एकदाही अडकलेली नाही. बॅटरीविषयी तक्रार नाही, एका सकाळच्या आठ-दहा धावा ती सहज काढते.

आठ-दहा धावा म्हणजे सगळ्या कुत्र्यांच्या मिळून, एकट्याच्या नव्हेत. जोरदार धावेनंतर ग्रेहाउंडाच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ शकते. म्हणून धावेआधी दहा मिनिटे चालवणे, नंतर धाप पूर्ण बसेपर्यंत पुन्हा चालवणे आणि ऊन चढण्याआधी सामान आवरणे यात मी कधी सूट घेत नाही. पंजाच्या गाद्या आणि बोटांमधली कातडी प्रत्येक धावेनंतर बोटाने चाचपून पाहतो.

ज्यांच्याकडे मोकळे, खड्डे आणि दगड नसलेले मैदान आहे आणि ज्यांचे कुत्रे वयाने पूर्ण वाढलेले आहे, त्यांनी हे यंत्र घ्यावे, पण त्याच दिवशी चांगल्या कप्प्याही घ्याव्यात आणि पेटीतल्या कप्प्यांवर पहिली धावसुद्धा देऊ नये.