चौदा महिने, सव्वासहाशे तास: छोट्या विमानात एएनआर हेडसेट वापरल्यानंतर

गेल्या वर्षी पायलटच्या मेडिकल तपासणीच्या वेळी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी झाली आणि डॉक्टरांनी आलेखावर पेनाचं टोक टेकवलं. डाव्या कानाची रेघ ४००० हर्ट्झपाशी जराशी खाली उतरली होती. "मर्यादेत आहे, पण कान जपा," एवढंच ते म्हणाले. मला मात्र ती रेघ ओळखीची वाटली. माझे बाबा इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागावर होते. त्यांच्या आलेखात त्याच जागी खोल दरी आहे. त्यांना आवाज ऐकू येतो, शब्द लागत नाहीत. समोरचा 'पाच' म्हणाला की 'सात', हे त्यांना ओठांकडे बघून ठरवावं लागतं.

मी खानदेशात एका फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर आहे. सेसना १५२ आणि १७२ या छोट्या विमानांवर दिवसाला चार-पाच सॉर्टी, म्हणजे उड्डाणं होतात. तोवर मी शाळेच्या कपाटातला साधा हेडसेट वापरत होते. त्या मेडिकलनंतर स्वतःचा एएनआर, म्हणजे बाहेरचा गोंगाट विजेच्या मदतीने मारणारा हेडसेट घ्यायचा ठरवला. आता चौदा महिने आणि साधारण सव्वासहाशे तास झालेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय. कॅडेट, म्हणजे शिकाऊ पायलट, आणि त्यांचे आईवडील मला हे नेहमी विचारतात.

आधी आवाजाचं गणित. अमेरिकेत नायॉश नावाची कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था आहे. तिच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. एका इंजिनाच्या छोट्या विमानात केबिनमधला आवाज सहज नव्वदीत असतो. माझ्या कामाचा दिवस या गणितात कुठे बसतो हे कागदावर मांडलं, तेव्हा हेडसेटवर पैसे घालायचे की नाही हा प्रश्नच उरला नाही. कुठला घ्यायचा, एवढंच ठरवायचं होतं.

या आवाजातला मोठा भाग खर्जातला असतो. १७२ मध्ये क्रूझला, म्हणजे एका उंचीवर सरळ उडताना, २३०० आरपीएम (मिनिटाला फेरे) धरा. म्हणजे सेकंदाला ३८ फेरे. पंख्याला दोन पाती, म्हणून सेकंदाला सुमारे ७७ तडाखे. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं, म्हणजे तिथेही ७७ च. दोघांचा मिळून तो सलग घुमणारा गुरगुराट होतो. कानावरची जाड गादी आणि प्लास्टिकची वाटी वाऱ्याची शीळ, खडखड असे वरच्या पट्टीतले आवाज चांगले अडवते, पण खर्ज तिच्यातून सहज आत येतो. एएनआर नेमकं तिथे काम करतं. वाटीच्या आत छोटा माइक असतो. तो आत शिरलेला आवाज टिपतो आणि स्पीकर त्याच्या बरोबर उलटी लाट सोडतो. चढावर उतार बसला की लाट सपाट होते. म्हणून खर्ज एएनआरने मारायचा आणि वरचे आवाज गादीने. गादी नीट बसली नाही तर दोन्ही कामं बिघडतात. माझ्या सगळ्या अनुभवाचा गाभा हाच आहे. किंमत, ब्रँड, ब्लूटूथ हे सगळं नंतर. आधी तुमच्या डोक्यावर, तुमच्या चष्म्यासकट, गादी हवाबंद बसते का ते बघा.

बोस कंपनीच्या अशा हेडसेटची कल्पना विमानातच सुचलेली आहे. १९७८ मध्ये कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून बोस्टनला जात होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमधलं संगीत इंजिनाच्या आवाजात बुडत होतं, आणि प्रवासातच त्यांनी कागदावर गणित मांडायला घेतलं. १९८६ मध्ये व्हॉयेजर हे विमान कुठेही न उतरता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं, तेव्हा डिक रुटान आणि जीना येगर यांच्याकडे या हेडसेटचे प्रायोगिक नमुने होते. बाजारात आला तो १९८९ मध्ये. अमर बोस यांचे वडील ब्रिटिशांविरुद्धच्या लढ्यात होते आणि त्यापायीच बंगाल सोडून अमेरिकेत गेले होते. हे कळल्यापासून मला त्या हेडसेटबद्दल जरा जास्तच आपलेपणा वाटतो.

घेण्याआधी मी तीन हेडसेट प्रत्यक्ष उड्डाणात लावून पाहिले. डेव्हिड क्लार्कचा हिरव्या वाट्यांचा एच१०-१३.४ प्रत्येक फ्लाइंग स्कूलमध्ये दिसतो. एएनआर नाही, वजन जवळपास अर्धा किलो, पण २३ डेसिबलचं रेटिंग आहे आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. त्याच्याबद्दल मला आदर आहे. दुसरा सहकाऱ्याचा लाइटस्पीड झुलू ३. त्याची गादी मोठी आणि खोल आहे, कान आतल्या बाजूला कुठेच टेकत नाही. तिसरा बोसचा ए-२०, वजन साधारण ३४० ग्रॅम. कंपनीचा ए-३० हा पुढचा हेडसेट २०२३ मध्ये आला, त्यानंतर जुने ए-२० विकायला निघाले होते.

झुलू आणि ए-२० यांत खर्ज मारण्याच्या बाबतीत मला सांगण्यासारखा फरक जाणवला नाही. निवड झाली ती चष्म्यामुळे. माझ्या जुन्या चष्म्याची काडी प्लास्टिकची, रुंद होती. ती गादीखालून जाताना कानामागे एक बारीक फट राहायची. जमिनीवर कळत नाही. वर गेल्यावर मी बोटाने काडी जराशी उचलली, तर सगळा गुरगुराट नळ सोडल्यासारखा आत आला. काडी सोडली की पुन्हा कमी, पण पूर्ण बंद नाही. ए-२० ची गादी मऊ आहे, काडीभोवती बरीच बसते, तरी थोडा आवाज उरत होता. शेवटी मी चष्माच बदलला. पातळ टायटॅनियमच्या काड्यांचा केला आणि उरलेला आवाजही गेला. हेडसेटवर लाखाच्या घरात पैसे घालण्याआधी चष्म्यावर दोन-तीन हजार घालून बघा, हे मी प्रत्येक चष्मेवाल्या कॅडेटला सांगते. मुलींसाठी आणखी एक. कानातल्या कुड्यांची फिरकी मागे टोचते आणि तासाभरात कान दुखायला लागतो. मी फ्लाइंगच्या दिवशी कानात काही घालत नाही. वेणी मानेपाशी, खाली बांधते. डोक्यावर क्लिप असेल तर पट्टी नीट बसत नाही.

खरेदीत एक घोळ झाला. पहिल्यांदा मी दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून मागवला. खोका उघडला तर केबलच्या टोकाला एकच जाड प्लग. तो हेलिकॉप्टरचा यू-१७४. आपल्या सेसनाला दोन प्लग लागतात, ऐकण्याचा जाड आणि माइकचा त्याहून किंचित बारीक. परत पाठवणं, भांडणं, पैसे परत मिळवणं यात तीन आठवडे आणि कुरिअरचा खर्च गेला. ऑर्डर देताना केबलच्या टोकाचा फोटो मागून घ्या. एअरबसला वेगळा प्लग, हेलिकॉप्टरला वेगळा, आणि काही विमानांत पॅनेलमधूनच वीज घेणारा सहा पिनांचा लेमो असतो. शेवटी एअरलाइनमध्ये लागलेल्या एका ओळखीच्या पायलटकडून वापरलेला ए-२० घेतला, नव्याच्या जवळपास निम्म्या किमतीत. हातात आल्यावर आधी कानाच्या गाद्या नव्या बसवल्या. जुन्या गादीचा स्पंज दबलेला असतो, आणि दबलेली गादी म्हणजे पुन्हा तीच फट.

पहिल्याच सॉर्टीत आवाज फक्त एका कानात. पोटात गोळा आला, वाटलं फसलो. पण १५२ चं जुनं इंटरकॉम मोनो आहे आणि हेडसेट स्टिरिओवर होता. बॅटरीच्या झाकणाखाली बारीक कळ आहे, ती मोनोवर केली आणि दोन्ही कान सुरू झाले.

सगळ्यात मोठा फरक मला आरटीत, म्हणजे रेडिओवरच्या बोलण्यात जाणवला. पूर्वी इंजिनावर मात करायची म्हणून मी आवाज तीन चतुर्थांश वाढवून ठेवायचे, म्हणजे गोंगाटात भर घालायचे. आता निम्म्याहून कमी लागतो. संभाजीनगरकडे क्रॉस कंट्रीला, म्हणजे लांबच्या उड्डाणाला जाताना टॉवरचा क्लिअरन्स (परवानगी आणि सूचना) पहिल्यांदाच पूर्ण कळतो, "से अगेन" (पुन्हा सांगा) म्हणावं लागत नाही. शेजारच्या कॅडेटचा श्वास ऐकू येतो. हे मी मुद्दाम सांगतेय. फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात, पोरगं घाबरलं की आधी त्याचा श्वास आखूड होतो, मग हात घट्ट होतात, मग बोलणं बंद होतं. साध्या हेडसेटमध्ये मला ते हात घट्ट झाल्यावर कळायचं. आता श्वासावरूनच कळतं आणि "हलका धर, सोड बोटं" असं आधीच सांगता येतं.

इंजिनचा आवाज ऐकू येणार नाही, ही भीती बऱ्याच जणांना असते. मलाही होती. होतं असं की जातं ते आवाजाचं ओझं, सूर राहतो. आरपीएम पन्नासने पडला तरी सूर बदललेला कळतो. वेग फार उतरला की वाजणारी सेसनाची स्टॉल वॉर्निंगची पिपाणी तर जास्तच स्वच्छ ऐकू येते, कारण तिचा सूर वरचा आहे, एएनआर त्याला हात लावत नाही, आणि तिच्यावर पसरलेला खर्ज निघून गेलेला असतो. तरीही दिवसाच्या पहिल्या रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीला, मी एएनआर बंद ठेवते. १८०० आरपीएमवर मॅग (ठिणगी देणारे मॅग्नेटो) चेक करताना इंजिन कच्च्या कानाने ऐकायची सवय मला सोडायची नाही.

संध्याकाळचा थकवा हा दुसरा मोठा फरक. पूर्वी पाच सॉर्टीनंतर खोलीवर आले की कानात शीळ असायची, पंखाही नकोसा वाटायचा. बाबांशी फोनवर मोठ्याने बोलावं लागतं, तेवढंही त्राण नसायचं. आता ती शीळ येत नाही. यंदाच्या ऑडिओमेट्रीत डाव्या कानाची रेघ होती तिथेच आहे. गेलेलं ऐकणं कुठलाही हेडसेट परत आणत नाही, हे बाबांच्या कानाच्या मशीनसाठी घातलेल्या खेपांनी मला चांगलं माहीत आहे. रेघ खाली सरकली नाही, मला तेवढंच हवं होतं.

आता त्रासाच्या गोष्टी. मे महिन्यात एप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या फरशीवर, ४२-४३ अंश तापमान असतं, दारं बंद केली की गादीखाली घामाच्या धारा लागतात. मी आधी बाजारातली जाड सुती कव्हरं घातली. घाम टिपला, पण कापडातून हवा जाते, त्यामुळे गुरगुराट परत आला. मग आईने जुन्या मलमलच्या ओढणीतून पातळ, एकपदरी कव्हरं शिवून दिली. किंचित आवाज वाढतो, पण चालतं. रोज धुते, चार जोड आहेत. हेडसेट दुपारी विमानात सोडत नाही, तव्यासारखा तापतो.

दोन डबल-ए सेल लागतात. कंपनी ४५ तास सांगते, मला चाळिसाच्या आसपास मिळतात. दिवा हिरव्याचा पिवळा आणि मग लाल होतो. एकदा डाउनविंडवर, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडताना, सेल संपले. रेडिओ आणि इंटरकॉम चालूच राहिले, फक्त गुरगुराट धाडकन आत आला आणि कॅडेटला वाटलं इंजिनलाच काही झालं. तेव्हापासून प्रत्येक कॅडेटला मी वर नेऊन एकदा एएनआर बंद करून दाखवते. पावसाळ्यात फ्लाइंग कमी असतं, त्या काळात सेल काढून ठेवा. मी स्वस्तातले अल्कलाइन सेल आतच ठेवले आणि ते पाझरले. धातूच्या पट्टीवर पांढरी बुरशी चढल्यासारखी दिसत होती. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसलं, कोरडं केलं, आणि वाचलं.

केबल जपा. सेसनाची सीट रुळावर सरकते. एका कॅडेटने सीट पुढे घेतली तेव्हा माझी केबल रुळात होती. वरचं आवरण चेपलं, आतली तार वाचली. आता बसल्यावर केबल मांडीवरून घेते आणि सीट लॉक झाल्यावरच प्लग लावते. ब्लूटूथ माझ्याकडे आहे, पण शिकवताना त्याचा उपयोग नाही.

माइक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा, अर्ध्या बोटाचंच अंतर. उन्हाळ्यात व्हेंट उघडे असतात, वारा माइकवर आला की इंटरकॉम सतत उघडा राहतो आणि सगळं केबिन फुत्कारतं. हेडसेट खराब आहे म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन आलेल्या निम्म्या पोरांचा व्हेंट माइकवर रोखलेला असतो.

सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलट परवान्यासाठी) २०० तास करायला आलेल्या मुलाने पहिल्याच महिन्यात एवढा महाग हेडसेट घ्यावा, असं मी म्हणणार नाही. घरच्यांनी शेती किंवा घर तारण ठेवून फी भरलेली असते, मला ते दिसतं. चांगला साधा हेडसेट घे आणि त्याच्या खाली फोमचे इअरप्लग घाल. दहा-वीस रुपयांची जोडी येते. पिळून बारीक कर, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढ, आत सरकव आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेव. मग इंटरकॉमचा आवाज थोडा वाढव. शब्द नीट येतात, गुरगुराट दबतो. इन्स्ट्रक्टर रेटिंग घ्यायचं असेल, रोज उडायचं असेल, तेव्हा एएनआरचा विचार कर, आणि घेण्याआधी कुणाचा तरी मागून किमान एक तास स्वतःच्या चष्म्यावर लावून उडून ये. दुकानात लावून काही कळत नाही. तिथे ते ७७ तडाखे नसतात.