रिपोर्ट ग्रीन, लेटर मात्र घरी बनवलेलं

दीड वर्ष झालं, एका एजन्सीकडून कॅंडिडेट्सचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करून घेतोय. नाव लिहित नाही, पण पाचपैकी तीन स्टार, आणि तेही एज्युकेशन चेकमुळे. डिग्री ते थेट युनिव्हर्सिटीकडून तपासून घेतात, लेखी उत्तर रिपोर्टला जोडलेलं असतं, तिथं बोलायला जागा नाही.

बोंब आहे ती एम्प्लॉयमेंट चेकची. एका मुलाचा रिपोर्ट ग्रीन, म्हणजे सगळं बरोबर असा आला, ऑफर लेटर काढायलाच घेतलं होतं आणि सहज म्हणून त्याचं एक्सपिरियन्स लेटर परत उघडलं. तारीख मार्च २०२१. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट बघितला तर ॲप्टोस! वर्डमध्ये कॅलिब्री जाऊन हा डिफॉल्ट झाला २०२३ मध्ये, २०२१ ला या नावाचा फॉन्टच नव्हता. म्हटलं नंतर डुप्लिकेट कॉपी काढली असेल, कंपन्या देतात तशी, म्हणून एजन्सीला विचारलं की कन्फर्म कुणी केलं, तर म्हणे लेटरहेडवरच्या नंबरला फोन केला, तिथल्या एचआर मॅडम "हो" म्हणाल्या. अहो, ज्यानं लेटर बनवलं त्यानंच नंबर टाकला असणार ना! लेटरवरच्या ईमेलचं डोमेन (@ नंतरचा भाग) बघितलं तर कंपनीच्या खऱ्या वेबसाइटपेक्षा एक हायफन जास्त आणि रजिस्टर होऊन जेमतेम चार महिने. मुलाकडे पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट मागितलं, त्यानंतर त्यानं फोनच उचलला नाही.

तक्रार केल्यावर सुधारले हे खरं. आता कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर शोधून फोन लावतात, पण पाच दिवसांचा रिपोर्ट बारा दिवसांवर गेलाय, तेवढ्यात चांगला माणूस दुसरीकडे जॉइन होतो.

अजून एक, यांचा 'अंबर' शेरा, म्हणजे पूर्ण तपासता आलं नाही असा, जपून वाचा. एकीची जुनी कंपनी बंद पडलेली, उत्तर द्यायला कुणी नाही, म्हणून अंबर, आणि आमचे मॅनेजर लगेच "फ्रॉड दिसतेय". तिला बोलावून सरळ विचारलं, तिनं सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, टॅक्सचे कागद सगळं पुढ्यात ठेवलं, नेट पे, म्हणजे हातात पडलेला पगार, शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. आज ती आमच्याकडेच आहे.

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करतोय, पण फक्त एज्युकेशन चेकसाठी. जुन्या कंपनीला फोन मीच लावणार.