जग्वार एक्सजे६ मध्ये जीएमचा ७००आर४ गिअरबॉक्स: वर्षभराच्या वापरानंतर

ज्यांच्याकडे सिरीज टू एक्सजे६ ऑटोमॅटिक आहे आणि जे ती खरोखर लांब चालवतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी गाडी १९७६ ची, अमेरिकन मार्केटची, दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटरची. मी टेक्सासात ह्यूस्टनजवळ राहतो. इथे कुठेही जायचं म्हणजे तासन् तास फ्रीवे, आणि तिथेच या गाडीची अडचण होती.

अडचण इंजिनाची नव्हती. ४२३५ सीसीचं हे एक्सके इंजिन, सहा सिलिंडर, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट, १०६ मिलिमीटरचा लांब स्ट्रोक. खालच्या आरपीएमवरच ते मनापासून ओढतं, त्याला उगाच पळवायची गरजच नाही. पण मूळचा बोर्ग-वॉर्नर मॉडेल ६५ तीनच गिअरचा, तिसरा थेट एकास एक, आणि मागच्या चाकांना फिरवणाऱ्या माझ्या डिफरन्शियलचा रेशो ३.३१. ताशी ७० मैलांना इंजिन ३००० च्या वर फिरणार. वर कन्व्हर्टरला (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप, म्हणजे थेट जखडणारा क्लच, नाही, म्हणजे थोडी घसरण कायमचीच. ब्रिटनमध्ये मॅन्युअल एक्सजे६ घेणाऱ्याला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन हळू फिरवणारा वरचा गिअर, मिळायचा. ऑटोमॅटिकवाल्याला तो कधीच मिळाला नाही, आणि मला हा त्या गाडीवरचा अन्याय वाटत आलाय.

म्हणून बोर्ग-वॉर्नरच्या जागी जनरल मोटर्सचा (जीएमचा) ७००आर४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. त्याला चार गिअर, शाफ्टच्या एका फेरीला इंजिनाच्या फेऱ्या अशा: ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. चौथ्यात तोच ७० मैलांचा वेग २१०० आरपीएमवर येतो. गाडीत आता वाऱ्याचा आवाज ऐकू येतो, इंजिनाचा नाही. फ्रीवेवरचं अ‍ॅव्हरेज गॅलनला १५-१६ मैलांवरून १९ च्या आसपास गेलं. ते बरंच आहे, पण नुसत्या पेट्रोलच्या हिशोबाने हा खर्च वसूल होणार नाही. हे काम शांततेसाठी करायचं.

‘जग्वारमध्ये शेवरलेचा (म्हणजे जीएमच्याच ब्रँडचा) गिअरबॉक्स?’ असं नाक मुरडणारे भेटतात. त्यांना मी एवढंच सांगतो की बारा सिलिंडरच्या एक्सजे मध्ये जग्वारने स्वतः १९७७ पासून जीएमचाच टर्बो ४०० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला होता.

बसवण्याबद्दल थोडक्यात. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच वरून बाहेर काढले. जग्वारच्या इंजिनाला जीएमचा बॉक्स जोडणारी अडॅप्टर प्लेट या बदलाच्या किटमध्ये येते. प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) पुढचा भाग नव्या मापाचा करून, टोकाला जीएमचा २७ स्प्लाइनचा (खाचांचा) योक, म्हणजे जोड, लावून बॅलन्स करून घ्यावा लागतो. गिअरबॉक्सला मागून धरणारा माउंट हा जग्वारचा खास प्रकार, जाड स्प्रिंगवर बसणारा. तो ठेवायचा तर ब्रॅकेट नीट मोजून बनवा, नाहीतर शाफ्टचा कोन बिघडतो आणि सुटताना गाडी थरथरते. जुन्या बॉक्समध्ये टाइप एफ तेल, नव्यात डेक्सरॉन हे वेगळ्या प्रकारचं. म्हणून रेडिएटरमधला कूलर आणि पाइप स्वच्छ धुऊनच जोडायचे. सिलेक्टरला (गिअर निवडायच्या दांड्याला) मूळच्या सहा जागा, ७००आर४ ला सात. मी डी वर ओव्हरड्राइव्ह घेतला, २ वर तिसरा, १ वर दुसरा. पहिला गिअर हाताने लावता येत नाही. मला त्याची गरज पडलेली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: टीव्ही केबल. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. ही नुसती किकडाउनची, म्हणजे पेडल जोरात दाबल्यावर खालचा गिअर लावणारी, केबल नव्हे. आतल्या तेलाचा दाब किती ठेवायचा हे तीच ठरवते. ती कमी ओढली गेली की दाब कमी, दाब कमी की क्लच प्लेटा घसरतात, आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच जळतो. वाईट हे की चालवताना संशय येत नाही. उलट गिअर लवकर आणि लोण्यासारखे मऊ पडतात म्हणून माणूस खूश असतो. मऊ शिफ्ट हीच इथे धोक्याची खूण आहे.

जीएमच्या कार्ब्युरेटरवर ही केबल स्पिंडलपासून साधारण २८ मिलिमीटरवर अडकते. स्ट्रॉमबर्गच्या लिंकेजवर तशी जागाच नाही. किटमधल्या ब्रॅकेटवर हे अंतर कमी होतं, म्हणजे फुल थ्रॉटललाही केबल पूर्ण ओढली जात नव्हती. प्रेशर गेज लावल्यावर ते लगेच दिसलं: पेडल दाबलं तरी काटा आळसावल्यासारखा वर चढत होता. अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीतून नवा आर्म कापून घेतला, केबलचा थांबा पुढे सरकवला, तेव्हा थ्रॉटल जरासा उघडताच काटा उठायला लागला. गेज लावल्याशिवाय एक मैलही गाडी चालवू नका, आणि बसवून देणारा ‘नंतर बघू’ म्हणाला तर चावी परत मागा.

चालवायला कसा आहे? सुटताना फरक मोठा. बोर्ग-वॉर्नरचा पहिला गिअर २.३९, याचा ३.०६, त्यामुळे एवढी जड गाडी सिग्नलवरून हलकी होऊन निघते. पण पहिल्या-दुसऱ्यातली दरी मला अजून खुपते. ३.०६ वरून थेट १.६३. भरदार व्ही८ ला हे अंतर जाणवत नसेल, सहा सिलिंडरला जाणवतं. हळू चढावर दुसरा पडला की इंजिन क्षणभर दबतं. त्या वेळी पाय थोडा जास्त द्यायचा, केबल बरोबर असेल तर बॉक्स समजून घेतो.

लॉकअपची वायरिंग मन लावून करा. जुन्या गाडीत कॉम्प्युटर नाही, म्हणून चौथ्या गिअरचा प्रेशर स्विच, ब्रेकचा स्विच आणि व्हॅक्यूम स्विच (इंजिनाच्या निर्वात दाबावर चालणारा) मालिकेत जोडले. सपाटीवर लॉक होतो, पाय दाबला की सुटतो. आधी तो फार लवकर लॉक व्हायचा आणि शहरात घरघर यायची. व्हॅक्यूम स्विच बदलल्यावर ती गेली. रेडिएटरपुढे वेगळा ऑइल कूलर हवाच. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये ट्रॅफिकमध्ये अडकूनसुद्धा तेल अजून लाल आहे, जळका वास नाही.

गाडी प्रदर्शनात मांडायची असेल तर हे करू नका. गाडीच्या ओळखपट्टीवर मूळ गिअरबॉक्सचा नंबर कोरलेला आहे, आणि परीक्षक तो बघतात. माझा जुना बॉक्स तेल भरून, तोंडं बंद करून शेल्फवर ठेवलाय. पुढच्या मालकाला तो गाडीबरोबरच मिळेल. इंजिनाला किंवा बॉडीला एकही कायमचा छेद दिलेला नाही.

बॉक्स शोधताना १९८७ नंतरचाच घ्या. सुरुवातीच्या वर्षांतल्यांचा इनपुट शाफ्ट २७ स्प्लाइनचा होता आणि कमजोर होता. आणि याच कुळातला, नावात शेवटी ‘ई’ असलेला, म्हणजे ४एल६०ई, केबलवर चालत नाही. त्याला वेगळा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लागतो. स्वस्त मिळाला म्हणून तो उचलू नका.