रिक्वेस्ट्स आणि एचटीटीपीएक्स : वाट पाहण्याच्या कसोटीवर दोन लायब्रऱ्या

पायथनमध्ये दुसऱ्याच्या वेब सर्व्हिसशी बोलणारा प्रोग्राम लिहायचा म्हटले की बहुतेकांचा हात आपोआप रिक्वेस्ट्स या लायब्ररीकडे, म्हणजे तयार कोडच्या संचाकडे, जातो, आणि माझाही गेली कित्येक वर्षे तसाच जात आला आहे. केनेथ राइट्झ यांनी २०११ साली ती प्रसिद्ध केली, आता ती पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली आहे, आणि तिच्या सुटसुटीतपणाबद्दल इतके लिहून झाले आहे की त्यात भर घालण्याचे कारण नाही. या परीक्षणात मी एकच प्रश्न धरून बसणार आहे : समोरचा सर्व्हर गप्प बसला, तर ही लायब्ररी काय करते? त्याच मापाने अलीकडे तिची जागा घेऊ पाहणाऱ्या एचटीटीपीएक्सकडेही पाहणार आहे.

हा प्रश्न पडण्यामागे एक सकाळ आहे. रात्री दोन वाजता सुरू होऊन अर्ध्या तासात संपणारा आमचा एक जॉब सकाळी नऊ वाजताही 'चालू' दिसत होता. लॉगमध्ये एकही चूक नव्हती, प्रोसेसरवर भार नव्हता, मेमरी स्थिर होती. पाय-स्पाय हे चालू प्रोग्रामच्या आत डोकावणारे साधन लावून पाहिले तेव्हा कळले, की प्रोग्राम सॉकेटमधून, म्हणजे नेटवर्क कनेक्शनच्या आपल्या टोकातून, पुढचा बाइट येण्याची वाट पाहत साडेसहा तास बसून होता. मधल्या कुठल्यातरी फायरवॉलने आपल्या तक्त्यातून ते कनेक्शन मुकाट्याने काढून टाकले होते. असे कनेक्शन सांभाळणाऱ्या टीसीपी या नियमावलीचा स्वभावच असा, की आपल्याला काही पाठवायचे नसेल तर पलीकडचा उरला आहे की गेला हे कळण्याचा मार्ग नसतो. अशा वेळी कीप-अलाइव्ह, म्हणजे कनेक्शन जिवंत आहे का हे तपासण्याची सोय, कामी येते असे म्हणतात, पण लिनक्समध्ये त्याची पहिली चाचणी डिफॉल्टने (कुणी काही बदलले नाही तर) ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते, आणि तीही सॉकेटवर ती सोय मुद्दाम चालू केली असेल तरच. रिक्वेस्ट्स ती चालू करत नाही.

याचे मूळ एका डिफॉल्टमध्ये आहे. तुम्ही टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मर्यादा, दिला नाही, तर रिक्वेस्ट्स अमर्याद काळ थांबते. अधिकृत माहितीपत्रकात जवळपास प्रत्येक प्रॉडक्शन कोडने हा पॅरामीटर वापरावा असे स्वच्छ लिहिलेले आहे. परंतु जी गोष्ट जवळपास प्रत्येकाने करायला हवी, ती न करणाऱ्याला सर्वांत धोकादायक वागणूक द्यायची, या रचनेचे समर्थन करणे मला जमत नाही. गो भाषेचा नेहमीचा एचटीटीपी क्लायंट आणि जावाचा जुना एचटीटीपी-यूआरएल-कनेक्शन हे दोघेही असेच वागतात, म्हणजे दोष एकट्या रिक्वेस्ट्सचा नाही. त्यात आणखी गैरसोय अशी, की सेशन या, अनेक विनंत्यांसाठी वापरायच्या ऑब्जेक्टवर हेडर, कुकी, प्रमाणपत्रे असे सगळे एकदाच ठरवता येते, पण टाइमआउट मात्र ठरवता येत नाही. तो प्रत्येक कॉलमध्ये लिहावा लागतो, नाहीतर प्रत्यक्ष विनंती पाठवणाऱ्या एचटीटीपी-अॅडॉप्टरचा उपवर्ग करून त्याच्या सेंड मेथडमध्ये आपला आकडा घुसवावा लागतो. दहा ओळींचे काम आहे, पण ते तुम्हाला आधी माहीत असावे लागते.

टाइमआउट दिला तरी त्याचा अर्थ काय, हे समजून घेणे तितकेच महत्त्वाचे आहे. रिक्वेस्ट्समध्ये दोन आकडे देता येतात, पहिला कनेक्शन जुळण्यासाठी आणि दुसरा वाचण्यासाठी. माहितीपत्रकाच्या उदाहरणात पहिला आकडा ३.०५ आहे, आणि तो इतक्या ठिकाणी जसाच्या तसा उतरवला गेला आहे की तो एखाद्या स्थिरांकासारखा वाटू लागतो. त्यामागचा तर्क असा, की टीसीपीचे पहिले पॅकेट हरवले तर ते तीन सेकंदांनी पुन्हा पाठवले जाते, म्हणून तीनच्या पटीपेक्षा किंचित मोठा आकडा घ्यावा. मात्र २०११ च्या आरएफसी ६२९८ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने हा सुरुवातीचा काळ तीनवरून एका सेकंदावर आणला, आणि दर वेळी तो दुप्पट होत असल्याने पुढचे प्रयत्न पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या सेकंदाला होऊ लागले. म्हणजे ३.०५ घेतले, तर तिसऱ्या सेकंदाच्या प्रयत्नाला उत्तर मिळण्यासाठी उरतात फक्त पन्नास मिलिसेकंद. सर्व्हर त्याच शहरात असेल तर एवढा वेळ पुरतो, पण पुण्याहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरशी बोलताना जाऊन-येऊन दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, तेव्हा तो प्रयत्न फुकट जातो. मी दूरच्या सर्व्हरसाठी ३.५ किंवा ४ वापरतो.

हा कनेक्शनचा आकडाही दिसतो तितका प्रामाणिक नाही. एका नावामागे चार आयपी पत्ते असतील आणि चारही मुके असतील, तर ३.०५ सेकंद प्रत्येक पत्त्याला वेगळे मिळतात आणि एकूण बारा सेकंदांहून अधिक वेळ जातो. शिवाय नावाचा पत्ता शोधण्याचे काम, म्हणजे डीएनएस, या हिशेबात धरलेलेच नाही. ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या वेळापत्रकाने चालते, आणि लिनक्सचा रिझॉल्व्हर डिफॉल्टने एका उत्तराची पाच सेकंद वाट पाहून पुन्हा एकदा विचारतो.

खरी गंमत दुसऱ्या आकड्यात आहे. वाचण्याचा टाइमआउट दहा सेकंद दिला म्हणजे दहा सेकंदांत उत्तर मिळेल किंवा चूक मिळेल, असा समज मी अनुभवी लोकांतही पाहिला आहे. प्रत्यक्षात तो दोन बाइटांच्या मधल्या शांततेचा टाइमआउट आहे. हे पाहायचे असेल तर दर दोन सेकंदांनी एकच अक्षर पाठवणारा पंधरा ओळींचा सर्व्हर स्वतःच्या यंत्रावर चालवावा आणि टाइमआउट तीन सेकंदांचा ठेवून त्याला विनंती करावी. माझ्याकडे तीनशे अक्षरांचे उत्तर मिळायला दहा मिनिटे लागली आणि टाइमआउट एकदाही वाजला नाही. नळ ठिबकत राहिला तर त्याला 'पाणी चालू आहे' म्हणणारा हा हिशेब आहे. लायब्ररीच्या बाजूने सांगायचे तर मोठी फाइल उतरवताना हीच व्याख्या योग्य ठरते, कारण तिथे एकूण वेळ आधी सांगता येत नाही. पण जेसन या मजकुराच्या साच्यातले छोटे उत्तर मागणाऱ्या सर्व्हिस क्लायंटसाठी ती अपुरी आहे.

चुका कोणत्या नावाने वर येतात, याकडेही पाहिले पाहिजे. कनेक्ट-टाइमआउट आणि रीड-टाइमआउट असे दोन वेगळे अपवाद, म्हणजे चूक झाल्याचे प्रोग्रामला मिळणारे इशारे, आहेत, आणि पहिला आला असेल तर विनंती पुन्हा करणे सुरक्षित आहे असे लायब्ररीच स्पष्ट सांगते, जे मला फार उपयोगी वाटते. मात्र हेडर येऊन गेल्यावर मजकूर येता येता सर्व्हर अडकला, तर रीड-टाइमआउटऐवजी कनेक्शन-एरर हाती पडतो. कारण एकच, टप्पा वेगळा, आणि नाव तिसरेच! आमच्या कोडमध्ये फक्त टाइमआउट हा अपवाद पकडलेला होता, त्यामुळे अशा विनंत्या वरपर्यंत फुटून जात आणि आम्ही नेटवर्क तुटले असे समजून भलतीकडेच शोध घेत असू. आता मी दोन्ही पकडतो.

पुन्हा प्रयत्न करण्याची, म्हणजे रिट्रायची, सोय रिक्वेस्ट्सच्या पोटातल्या यूआरएललिब-३ या लायब्ररीमध्ये आहे आणि ती चांगल्यापैकी विचारपूर्वक बांधलेली आहे. डिफॉल्टने प्रयत्नांची संख्या शून्य आहे. ती वाढवली तर, कनेक्शनच न जुळण्याची वेळ सोडता, गेट (वाचणे), पुट (ठेवणे), डिलीट (पुसणे) अशा, पुन्हा केल्या तरी परिणाम न बदलणाऱ्या विनंत्याच ही सोय परत करते, नवे काम करवणाऱ्या पोस्टला हात लावत नाही. हा संयम योग्य आहे. रीड-टाइमआउटचा अर्थ 'काम झाले नाही' असा नसून 'झाले की नाही ते माहीत नाही' असा असतो. यूपीआयने पैसे देताना आपल्या खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेश येतो आणि दुकानदाराच्या पडद्यावर काहीच उमटत नाही, तेव्हा दुसऱ्यांदा पैसे द्यावेत का, हा जो प्रश्न काउंटरवर उभ्या माणसाला पडतो, तोच क्लायंट सॉफ्टवेअरला पडतो. त्याचे उत्तर कुठलीही लायब्ररी एकटी देऊ शकत नाही, त्यासाठी सर्व्हरनेच प्रत्येक विनंतीला एक ओळखक्रमांक स्वीकारून तोच क्रमांक पुन्हा आल्यास जुने उत्तर परत द्यावे लागते. स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपनीच्या एपीआयमध्ये आयडेम्पोटन्सी-की नावाचा हेडर नेमका यासाठी आहे. तुमच्या समोरच्या सर्व्हिसमध्ये अशी सोय नसेल, तर पोस्टसाठी रिट्राय चालू करण्याआधी दहा वेळा विचार करावा.

रिट्रायमध्ये दोन खड्डे मला लागले. सर्व्हरने ४२९ (फार विनंत्या) किंवा ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) हा कोड देऊन 'तासाभराने या' असे हेडरमध्ये सांगितले, तर यूआरएललिब-३ ते आज्ञाधारकपणे ऐकते आणि तुमचा थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा तो धागा, खरोखर तासभर झोपतो, तुम्ही टाइमआउट कितीही छोटा दिलेला असला तरी. दुसरा खड्डा गणिताचा आहे. कनेक्शनला ३.०५, वाचण्याला १० आणि वर दोन रिट्राय, म्हणजे एकूण तीन प्रयत्न मिळून ३९ सेकंदांच्या पुढे जाते, शिवाय मधल्या विश्रांती वेगळ्या. हा कोड गनिकॉर्न या पायथन वेब सर्व्हरच्या साध्या वर्करमध्ये (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेसमध्ये) चालत असेल, तर त्याचा डिफॉल्ट टाइमआउट ३० सेकंदांचा असल्याने तुमची चूक-हाताळणी सुरू होण्याआधीच वर्कर मारला जातो. बाहेरच्या मर्यादेपेक्षा आतली बेरीज लहान हवी, हे उलट बाजूने मोजत यावे लागते. आणि तीन सर्व्हिस एकामागे एक असून प्रत्येक थर तीनदा प्रयत्न करत असेल, तर शेवटच्या बिचाऱ्या डेटाबेसवर एका क्लिकमागे २७ फेऱ्या होतात. तो आधीच दमलेला असतो म्हणूनच तर टाइमआउट होत असतात.

आता एचटीटीपीएक्स. टॉम ख्रिस्ती यांच्या एनकोड समूहाची ही लायब्ररी बोलायला रिक्वेस्ट्ससारखीच आहे, पण या विषयात तिने उलट भूमिका घेतली आहे : काहीच सांगितले नाही तर नेटवर्कवरच्या पाच सेकंदांच्या शांततेनंतर ती हात वर करते. हा एक बदल माझ्या दृष्टीने बाकीच्या वैशिष्ट्यांपेक्षा मोठा आहे. जुना कोड तिच्यावर आणला त्या आठवड्यात आमचे दोन अहवाल पडले, कारण ते तयार व्हायला समोरच्या सर्व्हरला आठ-दहा सेकंद लागत होते आणि ही गोष्ट तोवर कुणाच्या लक्षातही आली नव्हती. त्रास झाला, पण तो दिवसाढवळ्या झाला. टाइमआउट क्लायंटवर एकदाच ठरवता येतो आणि हव्या त्या कॉलमध्ये बदलता येतो. कनेक्ट, रीड, राइट आणि पूल असे चार स्वतंत्र आकडे आहेत. त्यातला पूलचा आकडा नवा वाटेल : डिफॉल्टने एका क्लायंटमध्ये शंभरच कनेक्शन उघडता येतात, आणि ती सगळी गुंतलेली असतील तर मोकळ्या कनेक्शनसाठी किती थांबायचे ते हा आकडा ठरवतो. पूल-टाइमआउट दिसू लागला की समोरच्या सर्व्हरला दोष देण्याआधी आपण स्ट्रीम (तुकड्या-तुकड्याने वाचायचे उत्तर) उघडून बंद करायला विसरलो नाही ना, ते तपासावे. आमच्याकडे तसेच निघाले.

तक्रारी तिच्याबद्दलही आहेत. तिच्या ट्रान्सपोर्टमधली, म्हणजे विनंती प्रत्यक्ष पोचवणाऱ्या भागातली, रिट्रायची सोय फक्त कनेक्शन न जुळल्यास चालते. ५०३ साठी थांबत-थांबत पुन्हा प्रयत्न करायचा असेल, तर ते स्वतः लिहावे लागते किंवा वेगळी लायब्ररी जोडावी लागते. आणि एकूण मुदत तिच्यातही नाही. ठिबकणाऱ्या नळाच्या माझ्या चाचणीत ती रिक्वेस्ट्सइतकीच सहज फसली.

एकूण मुदत हवी असेल तर मार्ग आहेत, पण त्यांची किंमत वेगवेगळी आहे. असिंक, म्हणजे वाट पाहताना दुसरी कामे करू देणारा, कोड असेल तर पायथन ३.११ पासूनच्या असिंक-आयओमधील टाइमआउट ब्लॉकमध्ये संपूर्ण विनंती गुंडाळता येते, आणि हा मला सर्वांत स्वच्छ उपाय वाटतो. एआयओ-एचटीटीपी या तिसऱ्या लायब्ररीत तर एकूण मुदतीचा आकडा मुळातच आहे, डिफॉल्टने पाच मिनिटे. साध्या, सिंक कोडमध्ये मात्र स्ट्रीम चालू ठेवून तुकड्या-तुकड्याने वाचायचे आणि प्रत्येक तुकड्यानंतर मोनोटॉनिक, म्हणजे कधीही मागे न जाणारे, घड्याळ पाहायचे, एवढेच हाती राहते. त्यातही हेडरच ठिबकत आले तर घड्याळ पाहण्याची पाळीच येत नाही. विनंती वेगळ्या थ्रेडमध्ये टाकून त्याची ठरावीक वेळ वाट पाहणे हा उपाय पुष्कळजण सुचवतात, पण त्याने फक्त तुम्ही सुटता, तो थ्रेड तिथेच अडकून राहतो.

नवीन काम सुरू करणाऱ्याला मी एचटीटीपीएक्स घ्यायला सांगेन, विशेषतः असिंक असेल तर. चालू प्रकल्पातून केवळ टाइमआउटसाठी रिक्वेस्ट्स उपटून काढण्याची गरज मला वाटत नाही, कारण तिचा रिट्राय आजही अधिक भरीव आहे आणि डिफॉल्टचा दोष अॅडॉप्टरने झाकता येतो. आमच्या जुन्या प्रकल्पात आम्ही तेच केले, आणि जोडीला रफ या लिंटरचा, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणाऱ्या साधनाचा, एस-११३ हा नियम चालू केला, जो टाइमआउट न दिलेला किंवा मुद्दाम 'नन' (म्हणजे काहीच नाही) दिलेला प्रत्येक कॉल दाखवतो. पहिल्याच दिवशी त्याने ४१ जागा दाखवल्या. त्यातल्या ४० आम्ही विचार करून आकडे घालत दुरुस्त केल्या. एकेचाळिसाव्या जागी कुणीतरी ३६०० लिहून लिंटरला गप्प केले आहे, आणि तो कॉल ज्या सर्व्हरकडे जातो त्याला खरोखर किती वेळ लागतो, याची मोजणी सध्या मी करतो आहे.