अ‍ॅस्टरिस्क आणि कार्यालयातील पीआरआय लाइन : सिग्नलिंगच्या देखभालीच्या दृष्टीने परीक्षण

कार्यालयातील जुना ईपीएबीएक्स (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) काढून त्याच्या जागी संगणकावर चालणारे एक्स्चेंजचे सॉफ्टवेअर अ‍ॅस्टरिस्क बसवावे की नाही, हे ठरवताना बहुतेक जण आयव्हीआर (‘अमुकसाठी एक दाबा’ असे सांगणारी व्यवस्था), रेकॉर्डिंग आणि परवान्यांचा वाचणारा खर्च पाहतात. माझ्या मते आधी एवढेच पाहावे, की टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजशी असलेले सिग्नलिंग (कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांची देवाणघेवाण) बिघडू लागले तर ही यंत्रणा ते किती लवकर आणि किती स्पष्टपणे दाखवते. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर आमच्या कंपनीच्या पीआरआय लाइनवर, म्हणजे एकाच वेळी अनेक कॉल नेणाऱ्या डिजिटल लाइनवर, चालते. दोष दाखवण्याच्या बाबतीत ते फार चांगले आहे, दोषाची वर्दी देण्याच्या बाबतीत नाही.

पीआरआयच्या ई-वन या मानक प्रकारच्या लाइनवर ३२ टाइमस्लॉट (वेळेचे ठरावीक कप्पे) असतात. त्यांपैकी ३० बोलण्यासाठी, शून्य क्रमांकाचा ताळमेळासाठी आणि सोळावा, म्हणजे डी-चॅनल, सिग्नलिंगसाठी असतो. प्रत्येक कॉलची जोडणी, रिंग आणि समाप्ती यांचे सारे संदेश या एकाच ६४ किलोबिटच्या वाटेने जात असल्यामुळे ती बंद पडली, की उरलेले तीसही चॅनल धडधाकट असून निरुपयोगी ठरतात. म्हणून कॉल नसतानाही दोन्ही टोके एकमेकांची खबर घेत राहतात : क्यू-९२१ या डी-चॅनलच्या मानकाच्या प्रचलित मूल्यांनुसार दहा सेकंद शांतता राहिली तर आरआर फ्रेम (‘मी तयार आहे’ असा छोटा संदेश) जाते, उत्तर आले नाही तर सेकंदासेकंदाने पुन्हा विचारणा होते, आणि तीन फेरविचारणाही वाया गेल्यास दुवा नव्याने उभारावा लागतो.

ही सगळी देवाणघेवाण अ‍ॅस्टरिस्कच्या कन्सोलवर फ्रेमगणिक पाहता येते, आणि याचेच मला सर्वाधिक मोल वाटते. आमचा डी-चॅनल मध्येच पडून काही क्षणांत पुन्हा उभा राहत असे. सेवा देणारी कंपनी लाइन निर्दोष असल्याचे सांगत होती, आणि बोलण्यातही एखादी बारीकशी टिकटिक सोडली तर काही वावगे जाणवत नव्हते. लॉगमध्ये मात्र ‘एचडीएलसी बॅड एफसीएस’ (आलेली फ्रेम तपासणीत चुकीची निघाली) ही ओळ वारंवार येत होती. शोध घेतला तेव्हा कळले, की यंत्रणा बसवून देणाऱ्या ठेकेदाराने डाहडीच्या (लाइन जोडलेले कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या) सिस्टम फाइलमधील स्पॅनच्या, म्हणजे त्या लाइनच्या, ओळीत टायमिंगचा आकडा शून्य ठेवला होता, त्यामुळे कार्ड एक्स्चेंजच्या घड्याळाऐवजी स्वतःच्या घड्याळावर चालत होते. दोन घड्याळांत किंचित फरक असला, की अधूनमधून माहितीचा एखादा तुकडा गळतो किंवा दुबार येतो. कानाला ते खपते, पण डी-चॅनलवरची फ्रेम तपासणीत नापास होऊन टाकून दिली जाते. शून्याच्या जागी एक लिहून, कार्यालय सुटल्यावर सेवा पुन्हा सुरू केली आणि ती ओळ यायची थांबली. हे सारे दाखवणारा बंदिस्त ईपीएबीएक्स माझ्या तरी पाहण्यात नाही.

तक्रार आहे ती एसआयपी ट्रंकबाबत, म्हणजे इंटरनेटवरून कॉल नेणाऱ्या जोडणीबाबत. ही जोडणी सांभाळणाऱ्या पीजेएसआयपी या भागामध्ये समोरचा सर्व्हर जिवंत आहे का हे ऑप्शन्स संदेश पाठवून तपासण्याची सोय आहे, पण ‘क्वालिफाय फ्रीक्वेन्सी’चे मूळ मूल्य शून्य, म्हणजे तपासणी बंद, असते. २१ व्या आवृत्तीत त्याच कामाचा जुना भाग, चॅन-एसआयपी, काढून टाकल्यामुळे अनेकांना नाइलाजाने इकडे यावे लागले आहे. त्यांनी हे मूल्य स्वतः ६० सेकंदांच्या आसपास ठेवले नाही, तर ट्रंक मेल्याची पहिली बातमी ग्राहकाकडूनच येईल. शिवाय दुवा पडल्याची नोंद लॉगमध्ये होते तेवढीच. मोबाइलवर सूचना हवी असेल तर झॅबिक्ससारखी देखरेख करणारी प्रणाली वेगळी जोडावी लागते. इतक्या मुरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही उणीव मला अक्षम्य वाटते.

लिनक्स हाताळणारा माणूस कार्यालयात असेल, तर मी अ‍ॅस्टरिस्कची निःशंक शिफारस करतो. नसेल, तर देखभालीच्या करारासह तयार ईपीएबीएक्सच घ्यावा. पीआरआय कार्ड वापरणाऱ्यांनी सर्व्हरचे कर्नल (लिनक्सचा गाभा) आपोआप अद्ययावत होऊ देऊ नये, कारण नव्या कर्नलसाठी डाहडी पुन्हा कंपाइल केले नाही तर रीबूटनंतर कार्डच दिसेनासे होते.