रिओत एकच डोंगर जमणार असेल तर: कोर्कोवादो की शुगरलोफ?

भाचीचा मेसेज आला: "मावशी, काम संपल्यावर रिओत दीड दिवस मोकळा आहे. येशूचा पुतळा करू की केबल कार? वरून समुद्रच दिसणार ना दोन्हीकडे?"

समुद्र दोन्हीकडे दिसतो. बाकी सगळं वेगळं दिसतं. आणि वेळ चुकली तर काहीच दिसत नाही. हे मी पैसे भरून शिकले आहे, म्हणून उत्तर जरा लांबलं.

'कोर्कोवादो' म्हणजे कुबडा. शहराच्या पाठीशी, तिजुकाच्या जंगलातून वर आलेला ७१० मीटरचा डोंगर. हात पसरलेला येशू याच्याच माथ्यावर आहे. शुगरलोफचं तिकडचं नाव 'पाओं दि आसुकार', म्हणजे साखरेची ढेप. गुळाची ढेप पाहिलेल्याला आकार वेगळा सांगायला नको. उंची ३९६ मीटर, पण उभी आहे ग्वानाबारा खाडीच्या अगदी तोंडाशी, पाण्यात पाय सोडून. कोर्कोवादोवर तुम्ही शहराच्या मागे आणि खूप वर असता. शुगरलोफवर समुद्राकडे पाठ करून शहराकडे बघता. सगळा फरक यातूनच येतो.

माझी कोर्कोवादोची फेरी एका एजंटाने आठवडाभर आधीच बुक करून ठेवली होती, सकाळी साडेदहाची. हॉटेलातून निघताना वर पाहिलं तर डोंगर खांद्यापर्यंत स्वच्छ आणि त्यावर ढगाची टोपी. "वर पोचेपर्यंत जाईल हो," असं सगळेच म्हणाले. नाही गेली. पुतळ्याच्या पायाशी उभं राहून मला त्याचा झगा गुडघ्यापर्यंत दिसत होता आणि कठड्यापलीकडे नुसतं दूध. जुलैत खंडाळ्याला राजमाची पॉइंटवर गाडी थांबवून लोक धुक्याचेच फोटो काढतात, तशी गत. मध्येच मिनिटभर ढग फाटला, खाली लागोआचं तळं चकाकलं, सगळ्या गर्दीतून एकदम "आऽऽ" निघालं आणि पडदा परत पडला. दुपारी खाली उतरलो तर शुगरलोफ लख्ख उन्हात.

यात दुर्दैव वगैरे काही नाही. समुद्रावरची दमट हवा डोंगराला अडते, वर चढताना थंड होते आणि ढग नेमका माथ्यावर बसतो. शुगरलोफ बुटका असल्याने बरेचदा त्या ढगाच्या खालीच राहतो. म्हणून माझा नियम साधा आहे: रस्त्यावरून पुतळा दिसत नसेल, तर पुतळ्यापासून रस्ताही दिसणार नाही. कोर्कोवादोवर चढणाऱ्या रेल्वेगाडीचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं. गर्दीचे दिवस नसतील तर ते आदल्या रात्रीपर्यंत लांबवावं, जमलं तर सकाळी आकाश बघूनच काढावं. जून ते ऑगस्ट हा तिकडचा हिवाळा, त्यात हवा कोरडी असते. डिसेंबर ते मार्च उकाडा आणि दुपारनंतर गडगडाट. विजा पुतळ्यावरही पडतात. जानेवारी २०१४मध्ये त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं टोक उडालं होतं.

आता उजेडाचं बघू, कारण फोटो सगळ्यांनाच हवे असतात. पुतळ्याचं तोंड पूर्वेला आहे. सकाळी ऊन थेट चेहऱ्यावर येतं, दुपारनंतर सूर्य त्याच्या पाठीमागे जातो आणि फोटोत नुसती काळी आकृती उरते. पण शहर, खाडी आणि समोरचा शुगरलोफ हेही पूर्वेलाच. म्हणजे सकाळी पुतळा सुरेख आणि खाडीवर झगझगाट; दुपारी खाडी सुरेख आणि पुतळा काळा. दोन्ही एकदम मिळत नाही. येशूसाठी जायचं असेल तर पहिली गाडी पकडा, दृश्यासाठी जायचं असेल तर तीननंतर जा.

शुगरलोफवर हा घोळ नाही. तिथून शहर पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य कोर्कोवादोच्या रांगेमागे मावळतो. बोताफोगोच्या आखातातल्या नांगरलेल्या होड्या एकेक करून काळ्या पडतात, कोपाकबानाच्या किनाऱ्यावर दिव्यांची माळ लागते आणि थोड्या वेळाने समोरच्या डोंगरावर पुतळ्यावरचे दिवे पेटतात. सांतोस द्युमों विमानतळावर उतरणारी विमानं जवळून जातात, बाळगोपाळांची तेवढीच करमणूक. हिवाळ्यात सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, म्हणून चारच्या आत वर असलेलं बरं.

दृश्याच्या पसाऱ्यात मात्र कोर्कोवादोला तोड नाही. लागोआचं तळं, इपानेमाचा सलग किनारा, पलीकडे माराकाना स्टेडियम, खाडीवरचा नितेरॉयचा लांब पूल, सगळं एका फेरीत. शुगरलोफवरून यातलं बरंच आडोशाला जातं. आणि रिओचा सगळ्यात देखणा डोंगर म्हणजे शुगरलोफच. त्यावर उभं राहिलं की तोच तेवढा दिसत नाही. कोर्कोवादोवरून तो बरोब्बर चौकटीच्या मध्ये येतो.

पोचायची सोय दोन्हीकडे चांगली आहे. कोर्कोवादोला कोस्मे व्हेल्यो स्टेशनातून दातेरी रुळांची गाडी निघते, वीसेक मिनिटं लागतात. वर जाताना उजवीकडे बसा. गाडी १८८४ची, पुतळा १९३१चा. म्हणजे सत्तेचाळीस वर्षं लोक निव्वळ दृश्यासाठी वर जात होते, आणि पुतळ्याचं सामानही याच गाडीने चढवलं. आजूबाजूचं दाट जंगल बघून ते अनादिकाळापासून आहे असं वाटतं, पण इथे कॉफीच्या मळ्यांनी डोंगर बोडके केले होते. शहराचं पाणी आटायला लागलं तेव्हा १८६१पासून झाडं लावून हे जंगल परत उभं केलं. खिडकीतून फणस दिसले आणि मला भरून आलं. आपल्या सह्याद्रीतलं झाड, पण तिथे इतकं माजलंय की वनखात्याला डोकेदुखी. शेवटच्या टप्प्याला दोनशेवर पायऱ्या आहेत, मात्र लिफ्ट आणि सरकते जिनेही आहेत, त्यामुळे गुडघ्यांची सबब चालत नाही. पार्क लाजेवरून चढणारी पायवाट आहे, पण तिथे लुटालुटीचे प्रकार झालेत. एकटीने तर मुळीच नको.

शुगरलोफची केबल कार १९१२ची. प्राया व्हेर्मेल्यावरून आधी उर्का टेकडी, तिथे डबा बदलून माथा. एकेक टप्पा जेमतेम तीन मिनिटांचा. उर्कापर्यंत अर्ध्यापाऊण तासाची पायवाट आहे, चढ खडा पण सावलीचा, आणि वाटेत छोटी माकडं पिशवीवर नजर ठेवून असतात.

गर्दीचाही फरक पडतो. पुतळ्यासमोरची जागा चिंचोळी आहे. ३० मीटरचा येशू मोबाइलमध्ये मावावा म्हणून लोक चक्क जमिनीवर उताणे पडतात. त्यांना ओलांडत चालताना हळदीकुंकवाच्या दाटीची आठवण होते. पुतळ्याच्या अंगावरचे शंखजिऱ्याचे छोटे तिकोनी तुकडे जवळून बघायचे असतील तर हे सोसावं लागतं. शुगरलोफवर दोन टेकड्यांत माणसं विभागतात, बाकांवर निवांत बसता येतं, दोन तास कसे गेले कळत नाही.

दोन्हींना पैसे घालवायचे नसतील तर कोर्कोवादोच्या वाटेवर दोना मार्ता नावाचं ठिकाण आहे. तिकीट नाही, टॅक्सी थेट जाते आणि एका बाजूला पुतळा, दुसऱ्या बाजूला साखरेची ढेप, दोन्ही दिसतात. फक्त टॅक्सी थांबवून ठेवा.

भाचीला मी लिहिलं: संध्याकाळ शुगरलोफसाठी राखून ठेव, तिकीट काढूनच टाक. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघड. पुतळा दिसला तर अंघोळ नंतर, आधी कोस्मे व्हेल्यो. नाही दिसला तर आरामात नाश्ता कर. आणि निघायच्या किमान दहा दिवस आधी यलो फीवरची लस घेऊन त्याचं पिवळं कार्ड पासपोर्टात ठेव. ब्राझीलहून परत येताना आपल्या विमानतळावर ते मागतात.

तिचं उत्तर आलं, "लस दुखते का?"